आक्काचं नाव कोण घालणार?

"पद्मश्रीसाठी नाव कुठं घालायचं असतं गो बाई?" मावशींनी हातातलं सूप न थांबवता विचारलं.

जुलैचा महिना. १ जूनपासून बोटी बंद, थेट ३१ जुलैपर्यंत. मासळी विकणाऱ्या बायकांना वर्षात मिळते ती एवढीच उसंत. उसंत म्हणजे काय, तर ओली मिळत नाही म्हणून सुकी विकायची. मावशी आपल्या पडवीत सुकट पाखडत होत्या. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. वाटीभर कालवण, सकाळचा पेपर आणि अख्ख्या शीव कोळीवाड्याच्या बातम्या तिच्यावरूनच ये-जा करतात. मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, त्यामुळे गल्लीच्या लेखी मी कायमची 'बाई', आणि कागद कुठलाही असो, तो माझ्या खात्यातला.

"कुणासाठी? दादांसाठी का?" मी मुद्दामच विचारलं.

"मेल्याला अजून एक कशाला? आधीचेच ठेवायला जागा नाय त्याच्याकडं. फ्रीजवर ठेवल्यात ढाली. दार उघडायला गेलं की डोक्यात पडतात."

दादा म्हणजे आमच्या नाक्यावरचे समाजसेवक. त्यांच्या फलकावर नाव बारीक आणि नावाआधीची बिरुदं मोठी. गणपतीत एक, नवरात्रात एक, वाढदिवसाला एक अशी ती वाढत जातात. त्यांनी ॲम्ब्युलन्स आणली, हे खरं आहे, आणि ती चालते, हेही खरं आहे. पण तिच्यावरचा त्यांचा फोटो एवढा मोठा की आत पेशंट कोण आणि बाहेर कोण, असा प्रश्न पडावा. मुलांना वह्या वाटतात, त्याही मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो घालून. माझ्याकडे शिकवणीला येणारा एक मुलगा त्या फोटोला रोज मिशा काढत असे. मी एकदाही रागावले नाही.

एवढ्यात माडीवरच्या वहिनी कपडे काढायला गॅलरीत आल्या. पुरस्कार हा शब्द कानावर पडल्यावर कपडे राहिले बाजूला. "अहो, आमच्या भावाला मिळाला की गेल्या वर्षी! राष्ट्रीय!" म्हणाल्या, आणि लगेच खाली वाकून आवाज उतरवला. "साडेसहा हजार भरले."

"बक्षीस देतात का घेतात गो?" मावशी.

त्याची कथा अशी. वहिनींच्या भावाला फोन आला, तुमची निवड झाली आहे. कशासाठी, ते फोन करणाऱ्याला नक्की ठाऊक नव्हतं. 'तुम्हीच कार्याची माहिती पाठवा' म्हणाला. शाल, ढाल, मानपत्र आणि जेवण मिळून साडेसहा हजार, बायको बरोबर असली तर तिच्या ताटाचे वेगळे. सभागृह भरलेलं होतं म्हणे. पण आलेले सगळेच सत्कारमूर्ती, टाळ्या वाजवायला कोणी उरलेलं नाही. पुकारा झाला की एकेक जण आपला मोबाइल शेजारच्या सत्कारमूर्तीच्या हातात देऊन स्टेजवर जायचा. वहिनींचा भाऊ सज्जन माणूस आहे, क्लास चालवतो, गरिबांच्या मुलांची फी घेत नाही. त्याला असाच, बिनपैशाने, कुणी नारळ दिला असता तर तो शोभला असता. पण नारळ द्यायला कुणी पुढे आलं नाही आणि पावती फाडायला मात्र आलं.

"तसलं नाय बाई," मावशी म्हणाल्या, "दिल्लीवालं. खरं."

मग मी मोबाइल काढला. खऱ्याची माहिती सरकारने उघड ठेवलेली आहे, फक्त ती वाचत कोणी नाही. पद्म पुरस्कार १९५४ पासूनचे. मध्ये १९७७ ला जनता सरकारने बंद केले होते, १९८० मध्ये परत सुरू झाले. जाहीर होतात प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने. नावं मात्र आता राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइनच घेतात. २०२६ च्या पद्मसाठी खिडकी १५ मार्च २०२५ ला उघडली होती, बंद होणार होती ३१ जुलैला.

"म्हणजे ज्या दिवशी बंदी संपते त्याच दिवशी?" मावशींचा हात पहिल्यांदा थांबला. "मंग नंतर मना वेळ नाय. काय ते आताच करूया."

"पण भरायचं कुणी? आमदार-खासदारांनी?" वहिनी.

कुणीही. हेच लोकांना खरं वाटत नाही. तुम्ही, मी, मावशी, कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं. स्वतःचंसुद्धा.

"स्वतःचं?" दोघी एकदम म्हणाल्या आणि दोघींनीही नाक्याकडे बघितलं.

मी म्हटलं, दादांना सांगू नका, नाहीतर आजच बसतील. पण त्यांना ते पचायचं नाही. एक तर पैसे मिळत नाहीत. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस. दुसरं म्हणजे ते नावाला लावता येत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की हे किताब नव्हेत. नावाच्या आधी नाही, नंतर नाही, कुठेच लावायचे नाहीत.

"फलकावर पण नाय? मंग त्याचा काय उपेग!" मावशी अशा हसल्या की सुपातली सुकट उडाली. पायाशी बसलेल्या मांजराची सोय झाली.

वहिनींना वेगळीच शंका. दरवर्षी अख्ख्या देशात मिळून १२० च्या आत पुरस्कार, मरणोत्तर आणि परदेशातले सोडून. कॅबिनेट सचिव प्रमुख असलेली समिती नावं चाळते, मग ती पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. "त्या १२० मध्ये आपल्यासारख्यांचा नंबर कधी लागायचा? तिथे सिनेमावाले, कारखानदार, मोठे डॉक्टर."

वहिनींचं अगदीच खोटं नाही. पण लांब कशाला जायचं? गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ ला सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या, त्याचं लिज्जत झालं. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "बासष्ट वर्षांनी!"

"तवर आक्का राहिली पायजे ना," मावशी पुटपुटल्या. नाव असं निसटलं. आता आक्कावर येण्याआधी गिरणगावची गोष्ट सांगणं भाग होतं, कारण मावशींच्या आईनेही परळला खानावळ चालवली होती.

गिरण्या चालू होत्या तेव्हा घाटावरून, कोकणातून आलेले हजारो कामगार एकटे राहायचे. त्यांना दोन वेळ रांधून घालणाऱ्या बायका म्हणजे खानावळवाल्या. किराणा उधार, सावकाराचं व्याज डोक्यावर, महिनाअखेर दागिना गहाण. या बायकांना प्रेमा पुरव यांनी एकत्र आणलं. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत पडलेल्या बाई. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि ज्या बायकांना बँकेच्या दारात कुणी उभं केलं नसतं त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मावशींच्या आईचं तोवर सगळं आटोपलं होतं. पण ते ऐकताना मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आपल्या आईच्या कामाला दिल्लीत काहीतरी नाव आहे, हे त्यांना नवीन होतं.

पुढची नावं मी भराभर सांगितली. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात पोरांना मल्लखांबावर चढवणारे उदय देशपांडे, २०२४. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, घरात गावरान बियाणं जपणाऱ्या, २०२०. बीड जिल्ह्यात भाकड गाई सांभाळणारे शब्बीर सय्यद, २०१९. यातल्या कुणाचाच फलक आमच्या नाक्यावर लागलेला नव्हता.

"मंग घाल आक्काचं," मावशी म्हणाल्या.

आता आक्का. गल्लीत तिला दोन कारणांसाठी ओळखतात, एक तिची जीभ आणि दुसरं सायन हॉस्पिटल. जिभेबद्दल काय सांगू? नळावर तिच्याशी भांडून कुणी जिंकलेलं नाही. माझ्याशी ती दोन वर्षं बोलत नव्हती, कारण तिच्या नातवाला मी चौथीत एका विषयात नापास केलं होतं. त्यामुळे या सगळ्यात माझा स्वार्थ नाही, हे लिहून ठेवते. हॉस्पिटलचं असं की सकाळची पाटी संपली की दुपारी ही बाई सायनच्या आवारात जाऊन बसते. धारावीतून, ठाण्यातून, पार कोकणातून माणसं येतात. हातात कागद आणि तोंडावर भांबावलेपण. केसपेपर कुठे, एक्स-रेची रांग कुठली, रक्त कुठून आणायचं, रात्री नातेवाइकाने झोपायचं कुठे. आक्का नुसतं बोट दाखवत नाही, उठून बरोबर जाते. सिस्टर तिला ओळखतात, वॉर्डबॉय तिला घाबरतात.

"आणि सुनेचं?" वहिनींनी आठवण करून दिली. गप्पा रंगात आल्या की वहिनी हमखास तिथेच जातात.

सुनेचं प्रकरण जुनं आहे, पण अजून शिळं झालेलं नाही. सायनला १९८९ पासून आईच्या दुधाची पेढी आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. ज्या बाळांची आई आजारी, किंवा जी बाळं दिवस भरायच्या आत जन्मली, त्यांना दुसऱ्या आयांचं जास्तीचं दूध तपासून, निर्जंतुक करून देतात. आक्काची सून तिथे बाळंत झाली. तिला दूध भरपूर. आक्काने सरळ तिला पेढीत नेऊन बसवलं. गल्लीत बोंब झाली. सुनेचं दूध वाटलं, नातवाच्या तोंडचं काढलं, दृष्ट लागेल, काय काय म्हणाल्या बायका! मावशींनीही म्हटलं होतं, आता नाकारतात. आक्काने नळावर उभं राहून एकच उत्तर दिलं: "सांडण्यापरीस कुणाच्या पोटात गेलं तर तुमच्या बापाचं काय जातं?" नातू आता सहा फुटांचा आहे. नापास झालेला तोच.

"लिही, लिही हे," मावशी म्हणाल्या.

लिहायला बसल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. कार्याचं वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत करायचं. मला वाटलं, आठशे म्हणजे काय, आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. वहिनी वरून सांगू लागल्या: "निःस्वार्थी सेवेचा धगधगता वसा घेतलेल्या, गोरगरिबांच्या कैवारी, मायेचा अथांग सागर असलेल्या..." मी तीन ओळी टाइप केल्या, वाचल्या आणि खोडल्या. हेच्या हे शब्द दादांच्या फलकावर आहेत. त्यात आक्का कुठे आहे? शाळेत मी मुलांना हेच विचारायची: कधी, कुठे, कुणाला, किती. ते नसेल तर निबंधाला दहापैकी चार.

मग मावशींना आठवू लागलं आणि आठवणी घटनांच्या खुंटीला टांगलेल्या निघाल्या. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. शीवचे रूळ पाण्याखाली. चालत निघालेली ऑफिसची माणसं छातीभर पाण्यातून कोळीवाड्यात शिरली. आक्काच्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री एवढी माणसं होती की ती स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली. भात आणि सुक्या बोंबलाची चटणी. त्यात एक शाकाहारी बाई होती, तिला रेल्वेपलीकडच्या पंजाबी कॅम्पातून पराठे आणून दिले. फाळणीनंतर निर्वासितांची वसाहत झाली तिथले लोक आणि आमचे कोळी एरवी पार्किंगवरून भांडतात, त्या रात्री नाही भांडले. मग ११ जुलै २००६, लोकलमधले स्फोट. जखमींना सायनला आणायला लागले तेव्हा आक्का रक्तदात्यांच्या रांगेत पोरं उभी करत होती. घराघरात जाऊन, कॉलर धरून. वहिनींच्या मिस्टरांनाही नेलं. "ह्यांना सुईची भीती," वहिनी म्हणाल्या, "घेरी आली, पण रक्त दिलं."

हे सगळं मी टाइप करत होते. मावशींनीही एकदा स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं, पण सुकटीच्या बोटाला मोबाइल दाद देईना. उलट माझ्या काचेवर अख्खा दिवस जवळ्याचा वास राहिला.

आता अडचण पुराव्याची. आक्काकडे कागद नाही. एकही नाही. फोटो नाही, संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. जसवंतीबेनच्या मागे लिज्जत होतं. राहीबाईंचं बियाण्याचं काम बाएफसारख्या संस्थेने नोंदवून जगापुढे नेलं. आक्काच्या मागे कोण? मावशी, मी आणि माडीवरच्या वहिनी. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या सगळ्या पुरस्कारांची खरी गोम इथे आहे. ज्याला फोटो काढायची सवय आहे त्याची फाइल जाड होते. जो माणूस पेशंटला घेऊन धावतो त्याचा एक हात पेशंटच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात केसपेपर असतो. तो सेल्फी कशाने काढणार? मग शेजाऱ्यांनी कारकुनी केली नाही तर त्याचं काम झालंच नाही, असं सरकारदरबारी ठरतं. आणि शेजारी कारकुनी कधी करतात? शोकसभेत. तिथे आपल्या जिभेला धार येते. पण पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, म्हणजे शोकसभेतलं भाषण फुकट.

वहिनींचा भाचा तसाच राहिला. विसर्जनाला बुडणाऱ्या पोराला त्याने बाहेर काढलं. अशांसाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदक आहे. पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत प्रस्ताव जावा लागतो. आम्ही दोन वर्षं नुसतं कौतुक केलं. गणपती मंडळाने शाल दिली, ती वहिनींच्या बहिणीने सोफ्यावर टाकली आहे.

संध्याकाळी आक्काला कळलं. कळणारच, वहिनी भाजीला गेल्या होत्या. ती आली ती थेट भिंतीपाशी.

"काय गो, माझं नाव दिल्लीला लावताय म्हणं? मी काय मेले का?"

मी म्हटलं, आक्का, मेल्यावर देत नाहीत, म्हणूनच घाई आहे.

"मना नको. उद्या ते लोक विचारतील किती माणसांना मदत केली, मी काय हिशेब ठेवलाय? आणि हॉस्पिटलात सगळी बघतील माझ्याकडं, ही बक्षिसासाठी येते म्हणतील. वॉर्डबॉय ऐकायचे नाय मग."

या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मावशींनी मात्र सोडलं नाही. म्हणाल्या, "तुला काय पायजे ते कोण विचारतंय? तू आमच्या पोरांच्या कॉलरी धरल्यास तवा विचारलं होतंस?"

आक्का काहीतरी बोलणार होती, पण नुसतीच माझ्याकडे बघून म्हणाली, "लिहिलंस तर खरं लिही. नळावरचं पण लिही." आणि गेली. हा होकार समजावा, असं आमच्या तिघींचं बहुमताने ठरलं आहे.

पद्म मिळेल असं आम्हाला वाटत नाही, उगाच का सांगा? १२० च्या आत आक्का बसेल का, हे दिल्लीवाले बघतील. पण नाव जाणार. तेव्हा शीव कोळीवाड्यातल्या, कॅम्पातल्या, धारावीतल्या आणि इतर कुठल्याही वाचकाला विनंती. सायन हॉस्पिटलच्या आवारात नऊवारीतली, मोठ्या आवाजाची एक कोळीण कधी तुमच्याबरोबर रांगेत उभी राहिली असेल, तर साल, वॉर्ड आणि तिने काय केलं एवढं चार ओळींत, सहीनिशी लिहून द्या. विशेषणं नकोत, ती आमच्या नाक्यावर मुबलक आहेत. चिठ्ठ्या २५ जुलैपर्यंत मावशींकडे द्याव्यात. नंतर बोटी सुटायची तयारी असते, त्या भेटणार नाहीत.